खोडदची शांतता कोणाची? दुर्बिणीच्या परिसरातील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, सदस्य आणि ग्रामसभेचे सर्व मतदार,
खोडद, नारायणगाव व जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या दुर्बिणीच्या परिसरातील गावे,
तालुका जुन्नर व आंबेगाव, जिल्हा पुणे

विषय: रेडिओ दुर्बिणीसाठी लागणाऱ्या शांततेचा विषय ग्रामसभेच्या पत्रिकेवर घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी याच भागात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनासाठी मी मुलांना नेत असे, आणि परतताना बसमध्ये हमखास एक प्रश्न येई: "सर, एवढ्या मोठ्या छत्र्या आहेत, मग आपल्याला फोन का बंद करायला लावतात?" त्या प्रश्नाला मी दिलेली उत्तरे वेळेअभावी अपुरी असत. आता दुर्बिणीला बाधा नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलण्याच्या वादातून तिचे नाव चावडीपासून लोकसभेपर्यंत गाजू लागले आहे आणि "या दुर्बिणीने आपल्याला दिले काय?" असे मोठी माणसेही विचारू लागली आहेत, तेव्हा ते अपुरे उत्तर पूर्ण करणे मला आवश्यक वाटते.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो अजूनही ऐकू येतो. खोडदची दुर्बीण आकाशात काहीही सोडत नाही. तिच्यातून किरण बाहेर पडत नाहीत, तिच्यामुळे पाऊस पळत नाही, द्राक्षबागेवर किंवा गाभण गाईवर तिचा कसलाही परिणाम होत नाही. ती फक्त ऐकते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या एका अँटेनाचे तोंड मोजले तर ते जवळजवळ सोळा गुंठे भरते. अशा तीस अँटेना आहेत. म्हणजे आपण बारा एकरांच्या आसपास रान पावसाचे पाणी धरण्यासाठी बांधबंदिस्ती करून ठेवावे, तसे हे बारा एकर रान रेडिओ लहरी धरण्यासाठी तारेच्या जाळीने विणून ठेवले आहे. चौदा अँटेना खोडदजवळ एक किलोमीटर लांब-रुंद जागेत दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या आहेत. या सर्वांनी ऐकलेले ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येते, तिथे प्रत्येक अँटेनाची प्रत्येक दुसऱ्या अँटेनाशी, अशी ४३५ जोड्यांची तुलना होते, आणि तीस वेगळ्या ताटल्या मिळून सुमारे पंचवीस किलोमीटर पसाऱ्याच्या एकाच दुर्बिणीइतक्या बारकाईने पाहतात. ती बारकाई किती, तर अडीच किलोमीटरवर धरलेले रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, साधारण तेवढा तपशील ती आकाशात वेगळा ओळखू शकते.

ही जाळी हाच मुळात एक देशी तोडगा होता, हे मुलांना मी आवर्जून सांगत असे. भरीव पत्र्याच्या पंचेचाळीस मीटरच्या ताटल्या बांधणे आपल्या खिशाला परवडणारे नव्हते. या दुर्बिणीचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब तरंगलांबीच्या लहरींना भरीव पत्रा लागतच नाही, हे ध्यानात घेऊन दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. याच स्वरूपांनी १९६५ मध्ये कल्याणला सहा फुटी बत्तीस ताटल्या मांडून सूर्याचा अभ्यास करणारी रेडिओ दुर्बीण उभी केली होती, आणि १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुसरी. तो उतार त्यांनी असा निवडला की त्याचा कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकाच, सुमारे अकरा अंश, भरावा. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि ती एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्यांचा माग काढता येऊ लागला. डोंगरालाच यंत्राचा भाग करून घेणारी ही दृष्टी होती.

उटीचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. विश्वाला आरंभ होता, की ते कायमच असे होते आणि असेच राहील, या वादात कोल्हापूरला जन्मलेले आपले जयंत नारळीकर दुसऱ्या, म्हणजे स्थिर विश्वाच्या बाजूला होते. चंद्र एखाद्या दूरच्या रेडिओ स्रोतासमोरून जाताना तो स्रोत कसा झाकला जातो, हे पाहून उटीच्या दुर्बिणीने अशा स्रोतांचे आकार मोजले. स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये त्यातून दाखवले की दूरचे, म्हणजेच जुन्या काळातले स्रोत आजच्यासारखे नव्हते आणि विश्व बदलत आले आहे. नारळीकर आणि स्वरूप तेव्हा एकाच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. एकाच छपराखाली राहून मापे एकमेकांच्या विरोधात मांडता येतात, आणि तरीही बोलणे-चालणे राहते, हे आपल्या गावकीने घेण्यासारखे आहे, असे मला नेहमी वाटत आले.

आता फोन का बंद करायचा, याकडे वळतो.

नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात तेव्हा फडाच्या मध्यभागी बसून, ढोलकी कडाडत असताना, चार राहुट्यांपलीकडे कोणी कुजबुजले तर ते ऐकायचे आहे, असे समजा. दुर्बिणीची अडचण याहून कितीतरी पटींनी मोठी आहे. शिवनेरीपासून दुर्बीण सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर आहे. मधले डोंगर नसते, तर गडावर उभ्या असलेल्या एका पर्यटकाचा फोन, तो ज्या लहरींवर बोलतो त्या लहरींत, खोडदला सूर्य वगळता आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतापेक्षा लाख पटींनी अधिक प्रखर दिसला असता. तो स्रोत म्हणजे शर्मिष्ठा तारकासमूहात स्फोट झालेल्या एका ताऱ्याचा अवशेष. आणि शास्त्रज्ञ जे शोधत असतात, ते त्या अवशेषाच्याही कोट्यवधी पटींनी मंद असते. खोडदची जागा निवडताना भोवतालचे डोंगर हा एक मोठा मुद्दा होता, त्याचे कारण हेच: शहरांचा कलकलाट ते काही प्रमाणात अडवतात. पण गावातलाच कलकलाट ते अडवू शकत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की लहरींचे वाटप झालेलेच आहे, दुर्बिणीला तिचा पट्टा द्या आणि फोनला फोनचा. अर्धी गोष्ट खरी आहे. विश्वात सर्वांत जास्त आढळणारे मूलद्रव्य म्हणजे हायड्रोजन, आणि त्याचा थंड वायू एकवीस सेंटिमीटर तरंगलांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झ वारंवारितेची लहर सोडतो. हे भाकीत १९४४ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन दे हुल्स्ट यांनी केले आणि १९५१ मध्ये ती लहर प्रत्यक्ष सापडली. तो पट्टा आंतरराष्ट्रीय कराराने खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेला आहे आणि तिथे कोणी बोलत नाही. पण विश्व प्रसरण पावत आहे, आणि लहर जितक्या दुरून, जितक्या जुन्या काळातून निघालेली असेल तितकी ती वाटेत ताणली जाते. विश्व आजच्या निम्म्या आकाराचे असताना निघालेली हायड्रोजनची लहर आपल्यापर्यंत पोचते तेव्हा ती दुप्पट लांब झालेली असते, म्हणजे १४२० ची ७१० मेगाहर्ट्झ झालेली असते. आणि ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ हा काय पट्टा आहे? आपल्या हातातला ५जी फोन ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असतो तेव्हा टॉवरशी याच पट्ट्यात बोलतो. आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन आणि आपल्या शेजाऱ्याचा व्हिडिओ कॉल असे एकाच गल्लीत येऊन उभे राहतात. करार करून हा गुंता सुटणारा नाही, कारण विश्वाच्या प्रत्येक वयाला त्याची स्वतःची वारंवारिता आहे, आणि सगळ्या वारंवारिता राखून ठेवल्या तर जगाला बोलायला काही उरणार नाही. म्हणून विशिष्ट जागी शांतता राखणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

त्या शांततेतून निघालेले पीक काय, हे आता मोजूया. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांकडे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहांकडे, पाहिले. त्यांतल्या कोणत्याही एका दीर्घिकेचा हायड्रोजन स्वतंत्रपणे दिसण्याइतका प्रखर नव्हता. म्हणून त्यांनी सर्वांचे संकेत एकमेकांवर रचले, जशी एकेका घरातून मूठमूठ धान्य गोळा करून पोते भरावे, आणि त्या बेरजेत आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील वायूचे सरासरी वजन मिळाले. त्या काळी दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने त्यांच्याकडचा वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा येत नव्हता. विश्वातील ताऱ्यांच्या जन्माचा वेग तेव्हापासून आजपर्यंत का घसरत गेला, या जुन्या कोड्याचे उत्तर असे आपल्या तालुक्यात सापडले: कोठारातले धान्य संपत आले होते.

हे मी कौतुकाने लिहितो आहे हे खरे, पण दुर्बीण मुळात ज्या शोधासाठी उभी राहिली तो तिला लागला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आरंभीच्या काळातील हायड्रोजनचे प्रचंड ढग, ज्यांतून पुढे दीर्घिकांचे समूह झाले असतील, ते दिसतील अशी १९८० च्या दशकातील अपेक्षा होती. दरम्यान विश्वरचनेचे सिद्धांतच बदलले, आणि आधी लहान गोष्टी बनून त्यांतून मोठ्या बनल्या असे चित्र पक्के होत गेले. ज्या ढगांचा शोध घ्यायचा होता ते तसे नव्हतेच. विहिरीला पाणी लागले, पण ज्या झऱ्याचा अंदाज होता त्याला नाही.

दुसरा हेतू मात्र फळाला आला. तो होता स्पंदकांचा. सूर्यापेक्षा जड, पण पुणे शहराएवढ्या आकारात दाबलेला मृत तारा स्वतःभोवती फिरतो आणि दीपगृहासारखा प्रत्येक फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका आपल्याकडे पाठवतो. काही स्पंदक सेकंदाला शेकडो ठोके देतात आणि ते उत्तमोत्तम घड्याळांच्या तोडीचे नियमित असतात. अवकाशालाच किंचित ताणत-दाबत जाणारी गुरुत्वीय लहर मधून गेली तर हे ठोके सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावे इतके मागेपुढे होतात. २९ जून २०२३ रोजी युरोपीय आणि भारत-जपान गटांनी, आणि त्याच सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनमधील गटांनी, अशा लहरींचा पुरावा मिळत असल्याचे जाहीर केले. त्या एकेका लहरीला आपल्यावरून जायला कित्येक वर्षे लागतात. दीर्घिकांच्या मध्यभागी एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे त्या निर्माण होत असाव्यात, असा अंदाज आहे. युरोपातील पाच दुर्बिणींबरोबर सहावी होती ती खोडदची. तिचे काम वेगळे होते आणि ते दुसऱ्या कोणाला तितके चांगले जमणारे नव्हते. ताऱ्यांच्या मधल्या विरळ वायूतून येताना ठोक्यांना उशीर होतो, आणि हा उशीर कमी वारंवारितेला सर्वाधिक असतो, म्हणून तो कमी वारंवारितेलाच अचूक मोजून हिशेबातून वजा करावा लागतो. खोडदची दुर्बीण नेमकी तिथे बलवान आहे. आणि विजेच्या तारांची खरखरही नेमकी तिथेच सर्वांत जास्त असते.

अमेरिकेने १९५८ मध्ये ग्रीन बँक येथील दुर्बिणींभोवती सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचे शांत क्षेत्र जाहीर केले. तिथे दुर्बिणीच्या अगदी जवळ पेट्रोलच्या गाड्याही नेता येत नाहीत, कारण स्पार्क प्लगची ठिणगी दुर्बिणीला ऐकू येते. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पण तिथल्या दुर्बिणी ज्यावर आहेत तो कारूचा माळ जवळजवळ निर्मनुष्य आहे. आपल्याकडे दुर्बिणीच्या भोवती टोमॅटो आहे, ऊस आहे, कोंबड्यांच्या शेड आहेत, महाविद्यालये आहेत आणि वाहने पळणारा पुणे-नाशिक रस्ता आहे. निर्मनुष्य माळावरची शांतता निसर्ग देतो. खोडदची शांतता तुम्ही दिली आहे, काहींनी जमिनी देऊन, आणि इतरांनी काही प्रकारचे उद्योग इथे न आल्याचे नुकसान सोसून. हा माझ्या पत्राचा गाभा आहे. जी गोष्ट लोकांनी दिली, ती कायम राखायची असेल तर लोकांना तिचा हिशेब मिळाला पाहिजे, आणि तो मराठीत मिळाला पाहिजे.

म्हणून रेल्वेबद्दल माझे मत असे आहे. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून नारायणगावावरून जाणारा मार्ग बदलावा लागतो, असे रेल्वे मंत्रालयाचे म्हणणे आहे, आणि त्यावर या भागाचा संताप मला समजतो. ज्या तालुक्याने शांतता दिली त्यालाच गाडी मिळू नये, ही शिक्षा वाटते. पण "दुर्बीण हलवा" ही मागणी मला पटत नाही. तीस अँटेना म्हणजे तीस बैलगाड्या नव्हेत. त्यांचे पाये, त्यांच्यामधील अंतरे आणि वीस-पंचवीस वर्षांची मोजमापे या जागेशी बांधलेली आहेत. ग्रामसभांनी मागावे ते वेगळेच. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेवर गाडी धावताना कोणत्या वारंवारितेला किती खरखर होते, मार्ग किती किलोमीटर सरकवला तर ती सहन होण्याइतकी कमी होते, बोगद्याने किंवा डोंगराच्या आडोशाने काय साधते, याची आकडेवारी गावासमोर सोप्या भाषेत मांडावी. त्यानंतर उत्तर नकाराचेच आले तरी ते निदान समजून घेतलेले उत्तर असेल. आणि मग भरपाई म्हणून रस्ता, सिंचन किंवा शिक्षण यांतले काही मागण्याचा आपला हक्कही अधिक भक्कम होईल.

तोवर आपल्या हातातल्या गोष्टी थोड्या आहेत आणि स्वस्त आहेत. खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर, सैल झालेला जोड, तारेला घासणारी फांदी, ठिणग्या टाकणारी डीपी, यांची तक्रार वायरमनकडे वेळेवर गेली तर दुर्बिणीचा त्रास कमी होतो आणि आपल्या मोटारीही कमी जळतात. पंचायतीने पथदिवे घेताना सर्वांत स्वस्त एलईडी न घेता चांगल्या प्रतीचे घ्यावेत, कारण निकृष्ट दिव्याचे सर्किट रेडिओ लहरींचा कचरा सोडते. सोलर पंपांच्या इन्व्हर्टरचेही तेच आहे, आणि तिथे मोठी संख्या येऊ घातली असल्याने योजना राबवण्यापूर्वीच दुर्बिणीच्या अभियंत्यांकडून एखादा पंप तपासून घेणे शहाणपणाचे ठरेल. बिबट्या आल्याची सूचना देणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत मात्र मी कोणालाही गप्प बसायला सांगणार नाही. उसात मूल जात असेल आणि भोंगा किंवा कॅमेरा त्याला वाचवत असेल, तर भोंगा आधी. पण ते उपकरण कोणत्या लहरीवर बोलते हे बसवण्याआधी विचारले, तर बहुतेक वेळा दोन्ही साधते.

१९३३ मध्ये कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याने आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची बातमी जगाला दिली, तेव्हा तो काही तारे शोधत नव्हता. टेलिफोन कंपनीने त्याला समुद्रापारच्या संभाषणात येणाऱ्या खरखरीचे कारण शोधायला नेमले होते. बरीचशी खरखर वादळांची निघाली. उरलेली दर २३ तास ५६ मिनिटांनी परत येई, म्हणजे सूर्याच्या नव्हे तर ताऱ्यांच्या दिवसाने, आणि तिथून हे सगळे शास्त्र सुरू झाले.

माझी विनंती एवढीच, की येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि दुर्बिणीच्या अभियंत्यांना व महावितरणच्या अधिकाऱ्यांना एकत्र बोलवावे. मलाही बोलावले तर मी जुना ट्रान्झिस्टर घेऊन येईन. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवून आपण संध्याकाळी गावातल्या खांबांखालून एक फेरी मारू. ज्या खांबाखाली खरखर वाढेल त्याचा क्रमांक लिहून घेऊ, आणि ती यादी त्याच रात्री वायरमनच्या हातात देऊ.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
तालुका जुन्नर